कॅसेटचा उरलेला भाग

मुंगीसाहेब गेले, मंगळवारी.
मुंगी हे आडनाव. सांगावं लागतं,
कारण त्यांनी केलेल्या खेळातही मुंगीच आहे:
आठ ठिपके उंच, आठ ठिपके रुंद,
पाठीवर साखरेचा एक पांढरा ठिपका.
रात्री सराफ्यातून निघायचं,
जिलबीच्या कढईखालून, झाडूवाल्याच्या पायांमधून,
पहाट व्हायच्या आत घरी.
जीव तीन.
सत्त्याऐंशी साली केला, जेवणानंतर,
टीव्हीवरची मालिका संपल्यावर, कारण टीव्ही एकच.

दहाव्याला त्यांचे साडू बोलले:
छत्तीस वर्षं पोलोग्राउंडला, वीज मंडळात,
कुणाची लाइट उगाच कापली नाही.
खरंच होतं ते.
आम्ही चौघं सतरंजीच्या काठावर.
कुणी विचारलं, तुम्ही ऑफिसातले का?
रेठरेकर म्हणाले, नाही, खेळातले.
त्यांना क्रिकेट वाटलं.
वाटू दिलं.

मग रविवार.
जेलरोड, इक्बालभियांचं दुकान,
दोरी धरून चढायचा तो जिना,
वर पंधरा-वीस मेलेली आणि सहा जिवंत यंत्रं,
रबरी बटणांची, काहींची अक्षरं बोटांनी खाल्लेली.
कुणीच काही बोलेना म्हणून इक्बालभियांनी कॅसेट लावली.
पाच मिनिटं ती किंचाळते.
नवीन माणूस कान झाकतो.
आम्हाला त्यातही कळतं, आता चित्र येतंय,
आता पूल, आता कढई.
मुंगीसाहेब या पाच मिनिटांत चष्मा पुसायचे.

सातव्या पडद्यावर, कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ,
मुंगी भिंतीत अडकते. दहातून एकदा.
पुढे नाही, मागे नाही, नुसते पाय हलतात.
‘रविवारी दुरुस्त करतो,’ म्हणायचे साहेब.
किती रविवार झाले ते रेठरेकरांच्या डायरीत असेल,
बँकेतला माणूस.

आज अडकली.

शलाका म्हणाली, मी करू का?
एकच ओळ घालायची आहे.
ती सेकंड इयरला. तिच्या वडिलांच्या लग्नाआधीचा हा खेळ.
रेठरेकर कधी नव्हे ते ओरडले:
हात लावायचा नाही. आहे तसं राहू दे.
अडकू दे तिला.

तिने वाद नाही घातला. सगळा प्रोग्राम पडद्यावर काढला.
ओळ ४०००. ओळ ४०१०. ओळ ४०२०.
‘दहा-दहाचं अंतर कुणी शिकवलं मला?’
आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं होतं:
ओळींना खेटून ओळी लिहू नयेत,
माणसाला नंतर सुचतं.
‘काका, नऊ ओळींची जागा आहे इथे.
त्यांनीच ठेवलीय.’
तिने ४०१५ टाइप केलं
आणि थांबली.

वायर काढली होती, पण
टेपचं बटण बंद करायला कुणाला सुचलं नव्हतं.
चाकं फिरत होती.
साहेब नवी कॅसेट विकत घेणारे नव्हेतच,
घरातलीच कुठली तरी घेऊन त्यावर खेळ भरलेला.
खेळ संपला की खाली जे होतं ते उरलं,
आणि पस्तीस-चाळीस वर्षांत आम्ही तिथवर ऐकलंच नाही.

एक पोरगी. नाक चोंदलेलं.
तेरा चोक बावन्न
तेरा पाचे पासष्ट
तेरा सक अठ्ठ्याहत्तर
तेरा साते
तेरा साते

मागे कुकरची शिट्टी.
मग त्यांचा आवाज, तरुण, आम्ही न पाहिलेला:
‘घाई नाही. कॅसेट मोठी आहे.’

पंखा. पंखा.
तिचा श्वास, माइकच्या फार जवळ.
खट्.
टेप संपली.

आम्ही चौघं त्या काळ्या डब्याकडे बघत.
पडद्यावर ४०१५, पुढे लुकलुकणारा चौकोन.

‘इक्यानवे,’ इक्बालभिया म्हणाले, हळूच,
डब्याला.
‘इक्यानवे, बिटिया.’

रेठरेकर नाक पुसून म्हणाले, पुन्हा लावा.
पण त्या टेपचा पट्टा सैल झालाय, मागे जात नाही,
हातानेच फिरवावी लागते.
इक्बालभिया पेन्सिल शोधतायत.